ताट, सुई आणि पुडी : रुग्णालयातील वृद्ध मधुमेही

प्रमेहाचे वीस प्रकार, त्यांची संप्राप्ती, मधुमेहाची असाध्यता आणि त्यावरील कल्प यांविषयी आपल्या वैद्यवर्गात पुष्कळ बोलले व लिहिले जाते. परंतु वर्षानुवर्षे आपल्याकडून औषध नेणारा वृद्ध मधुमेही एखाद्या रात्री ताप, पायाची जखम वा श्वासाचा त्रास यांमुळे आधुनिक रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्या अन्नाचे व औषधाचे काय होते, आणि त्या काळात आपले कर्तव्य कोणते, याविषयी मात्र आपण क्वचितच विचार करतो. रुग्ण तिकडे गेला म्हणजे आपली जबाबदारी संपली, अशी एक सोयीची समजूत आपल्या मनात घर करून असते. ती समजूत किती चुकीची आहे, हे आम्हांस आमच्याच घरातील एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग येथे सांगताना स्वतःच्या त्रुटी झाकण्याचा मोह आम्ही टाळला आहे. कारण त्या त्रुटी एकट्या आमच्या नसाव्यात, असे वाटते.

घडलेला प्रसंग

आमचे मामा सेवानिवृत्त शिक्षक. वय 78. मधुमेह बावीस वर्षांचा. गावातील एका डॉक्टरांकडून त्यांना ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन या गोळ्या चालू होत्या, आणि गेली सहा वर्षे आमच्याकडून निशा-आमलकी चूर्ण व गुडमार-मामज्जकयुक्त घनवटी. पथ्याच्या बाबतीत मामा अत्यंत काटेकोर. भात नको म्हटल्यावर त्यांनी सहा वर्षांत भाताचे शीत तोंडात घातले नाही. दूध, फळे, गोड यांचेही तेच.

सन 2024 च्या श्रावणात त्यांच्या उजव्या पायावर विसर्पासारखा शोथ आला, ताप चढला आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयात दाखल करावे लागले. रक्तशर्करा 312 होती, क्रिएटिनिन 1.9. तेथील डॉक्टरांनी योग्य तेच केले. मुखावाटेच्या गोळ्या थांबविल्या, शिरेतून प्रतिजैविके चालू केली आणि तिन्ही जेवणांपूर्वी साध्या इन्सुलिनची सुई लिहून दिली. गोळ्या बंद केल्याचे त्यांनी अपघात विभागात मामांच्या मुलास सांगितले. मुलगा रात्री घरी गेला आणि खाटेशेजारी मामी बसल्या. हा निरोप मामींपर्यंत पोहोचला नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी भेटावयास गेलो ते, खरे सांगावयाचे तर, तक्रारीच्या मनःस्थितीत. न्याहारीला पांढरा पाव आणि उपमा, दुपारी बटाट्याची रस्सा-भाजी, आणि ताटावर मात्र 'मधुमेही आहार' अशी चिठ्ठी. हे पाहून आमच्यातील वैद्य खवळला. तेथील आहारतज्ज्ञ बाईंशी आम्ही पाव तास वाद घातला. ज्वारीची भाकरी का नाही, मुगाचे कढण का नाही, असे विचारले. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. परंतु मामांच्या पिशवीत काय आहे, हे पाहण्याचे त्या पाव तासात आम्हांस सुचले नाही.

त्यानंतरचा सोमवार. मामांचा श्रावणी सोमवारचा उपवास असे; तो त्यांनी रुग्णालयातही सोडला नाही, आणि तो आहे हे कोणी परिचारिकेस सांगितले नाही. दिवसभर थोडे वऱ्याचे तांदूळ आणि ताक एवढेच पोटात गेले. सायंकाळी सव्वासात वाजता इन्सुलिन दिले गेले. ताट आले आठ वाजून वीस मिनिटांनी. त्यात वांग्याची भाजी होती, आणि मामांना चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. त्यांनी वरणाचे दोन घास घेतले आणि ताट सरकविले. ताटे गोळा करणाऱ्या बाईंनी ते नेले. इन्सुलिन दिल्याची नोंद कागदावर झाली; ताट तसेच परत गेल्याची नोंद कोठेच झाली नाही. मामींनी नित्याप्रमाणे पिशवीतून घरची ग्लिमेपिराइडची गोळी आणि आमची घनवटी काढून दिली.

मध्यरात्रीनंतर दीड वाजता मामा असंबद्ध बोलू लागले. मामींना त्यांनी "आई" अशी हाक मारली. तापात बरळत असतील, असे मामींना वाटले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाने परिचारिकेस बोलाविले म्हणून बरे. रक्तशर्करा 38 भरली. शिरेतून ग्लुकोज देताच मामा दहा मिनिटांत शुद्धीवर आले. पहाटे पाच वाजता शर्करा पुन्हा 52 वर उतरली, पुन्हा ग्लुकोज द्यावे लागले, आणि पुढचा पूर्ण दिवस ठिबक चालू ठेवून दर दोन तासांनी तपासणी करावी लागली.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा तरुण डॉक्टर बाई मामींना विचारीत होत्या, "घरचे आणखी काय देत होता?" मामींनी पिशवी उघडली. ग्लिमेपिराइडची पट्टी निघाली, आणि तिच्यामागून आमची बाटली. बाटलीवर आमच्याच अक्षरात लिहिले होते : 'घनवटी 2-0-2'. बाकी काही नाही. डॉक्टर बाईंनी ती आमच्या हातात दिली आणि कोणताही उपरोध न आणता विचारले, "डॉक्टर, या गोळीत नेमके काय आहे, आणि किती?"

काय आहे ते आम्ही सांगितले. किती आहे, हे सांगता आले नाही. एका घनवटीत गुडमारचा घन किती आणि मामज्जकाचा किती, हे निर्मात्याच्या डब्यावर होते आणि तो डबा आमच्या चिकित्सालयात, साठ किलोमीटर दूर होता. मामींच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. त्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, तुझ्याच गोळ्या ना? त्या मी कशा बंद करणार होते?"

या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दोष कोणाचा?

शर्करा उतरण्याचे मुख्य कारण स्पष्ट आहे. साधे इन्सुलिन दिले गेले, त्यामागून अन्न गेले नाही, वर ग्लिमेपिराइड पडले, आणि वृक्क दुर्बल असल्याने इन्सुलिन व ग्लिमेपिराइड या दोहोंचा प्रभाव लांबला. ग्लुकोज देऊनही पहाटे शर्करा पुन्हा उतरली, ती याच कारणाने. सल्फोनिलयुरिया गटातील गोळीने आलेली अल्पशर्करा एकदा सावरली म्हणून संपत नाही. अशा रुग्णास किमान एक दिवस-रात्र देखरेखीखाली ठेवावे लागते. ही गोष्ट आपल्या चिकित्सालयात असा रुग्ण आला तरी ध्यानात ठेवावयाची आहे. साखर चाटवून, "आता बरे वाटते ना?" असे विचारून त्यास घरी पाठविणे धोक्याचे आहे.

मग आमच्या घनवटीचा यात वाटा होता की नव्हता? होता असे सिद्ध करता येणार नाही. परंतु नव्हता असेही आम्हांस सिद्ध करता आले नाही, आणि मुद्दा तोच आहे. गुडमार, मामज्जक, कारले, मेथी, बिबळा ही द्रव्ये रक्तशर्करा उतरवितात, असे आपण रुग्णास चिकित्सालयात आत्मविश्वासाने सांगतो. तर मग तीच द्रव्ये इन्सुलिनच्या जोडीने शर्करा प्रमाणाबाहेर उतरवू शकतील, हेही मान्य करणे प्राप्त आहे. चिकित्सालयात औषध गुणकारी आणि रुग्णालयात तेच निरुपद्रवी, अशा दोन भूमिका एकाच वेळी घेता येत नाहीत. ज्या औषधात सामर्थ्य आहे त्याची नोंद झालीच पाहिजे.

अन्न आणि औषध यांची गाठ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीसाठी आतुरालयाचे जे वर्णन केले आहे, त्यात महानस, म्हणजे स्वयंपाकघर, हा वास्तूचा भाग आहे आणि वरण-भात सिद्ध करण्यात कुशल सेवक हा परिचारकवर्गाचा भाग आहे. म्हणजे रुग्णाचे अन्न ही चिकित्सेबाहेरची सोय नसून चिकित्सेचेच अंग आहे, ही कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे. नवव्या अध्यायातील चतुष्पादांत वैद्य, द्रव्य व रोगी यांच्या जोडीला उपस्थाता येतो. मामांच्या बाबतीत वैद्य दोन होते, द्रव्ये उत्तम होती. परंतु उपस्थाता दर पाळीला बदलत होता आणि एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे जात नव्हते.

औषध अन्नाच्या कोणत्या संबंधाने द्यावयाचे याचा विचारही आपल्या शास्त्रात सूक्ष्म आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील चौसष्टाव्या अध्यायात अभक्त, प्राग्भक्त, अधोभक्त, मध्येभक्त इत्यादी दहा औषधकाल सांगितले आहेत. आधुनिक मधुमेहौषधांकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे नियम लक्षात ठेवणे सोपे जाते :

1. साधे इन्सुलिन हे प्राग्भक्त होय. जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास. त्याचा प्रभाव दोन ते चार तासांत सर्वाधिक होतो. म्हणून ताट एक तास उशिरा आले तर सुईचा काल चुकला असेच समजावे.

2. नव्या प्रकारचे शीघ्र इन्सुलिन जेवणाच्या अगदी तोंडावर द्यावयाचे असते. रुग्ण किती खाईल याची खात्री नसेल, तर काही वेळा डॉक्टर ते जेवण संपताच, खाल्लेल्या प्रमाणानुसार देण्याचा निर्णय घेतात.

3. ग्लिमेपिराइड दिवसातील पहिल्या मुख्य जेवणाच्या लगत द्यावयाचे असते. जेवण नसेल तर ही गोळी धोक्याची ठरते.

4. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर वा जेवणानंतर. ते एकटे असता शर्करा सहसा फार उतरवीत नाही. परंतु वृक्कविकृती, तीव्र संसर्ग वा रंगद्रव्य देऊन करावयाची तपासणी असता ते थांबवावे लागू शकते.

5. अकार्बोज व व्होग्लिबोज पहिल्या घासाबरोबर. या गोळ्या घेणाऱ्याची शर्करा उतरली असता घरची साखर शीघ्र उपयोगी पडत नाही, कारण तिचे पचनच या गोळ्यांनी मंद केलेले असते. तेथे ग्लुकोजची पावडरच हवी.

6. ग्लार्जिनसारखे दीर्घकाल इन्सुलिन जेवणाशी बांधलेले नसते, घड्याळाशी बांधलेले असते. रुग्ण जेवला नाही म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे हाही अपराधच. मात्रा कमी करावयाची की नाही, हे चिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावयाचे.

7. ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी, आजारपणात खाणे सुटले असता वा शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस थांबवाव्या लागतात. अन्यथा शर्करा फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचण्याचे भय असते.

हे सांगण्याचा हेतू आपण या औषधांच्या मात्रा ठरवाव्यात असा नाही. परंतु रुग्णाचे नातेवाईक अनेकदा प्रथम आपल्याला दूरध्वनी करतात. "सुई दिली आहे, जेवण आले नाही, काय करू?" हा प्रश्न आल्यावर "परिचारिकेस ताबडतोब सांगा आणि शर्करा तपासून घ्या" एवढे उत्तर आपल्या तोंडी तयार असले पाहिजे.

रुग्णालयाच्या ताटाविषयी

रुग्णालयाच्या अन्नावर टीका करणे सोपे आहे आणि तीत तथ्यही असते. तथापि आम्ही ज्या मुद्द्यांवर वाद घातला ते दुय्यम होते, हे आता कळते. भाकरी की पाव, यापेक्षा तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली, वेळ. बहुतेक ठिकाणी रात्रीचे जेवण साडेसात-आठला आणि न्याहारी साडेआठला. मधे बारा-तेरा तासांचे अंतर पडते. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धास झोपण्यापूर्वी काही अल्प आहार द्यावयाचा का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

दुसरी, राशी. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील अष्ट आहारविधिविशेषायतनांत राशीचा समावेश आहे. येथे प्रश्न ताटात किती वाढले हा नसून पोटात किती गेले हा आहे. दातांची कवळी घरी राहिली, भाजी तिखट लागली, औषधाने मळमळ झाली, अशा साध्या कारणांनी वृद्धाचे अर्धे ताट परत जाते. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक जेवणानंतर 'पूर्ण, अर्धे, काही नाही' एवढी नोंद कागदावर करावी आणि अर्ध्याहून कमी गेले असता ताट उचलले जाण्यापूर्वीच परिचारिकेस दाखवावे.

तिसरी, उपयोक्ता, म्हणजे खाणारा स्वतः. त्याचा उपवास कोणत्या वारी, चातुर्मासात काय वर्ज्य, कांदा-लसूण चालतो की नाही, हे दाखल होतानाच सांगितले पाहिजे. आपल्या समाजातील वृद्ध माणूस आजारपणातही व्रत सोडत नाही, आणि संकोचाने ते बोलतही नाही. आहारतज्ज्ञांना हे कळले तर ते बहुधा सोय करतात. मामांच्या बाबतीत ज्यांच्याशी आम्ही वाद घातला, त्याच बाईंनी पुढे दुधी, पडवळ व मुगाचे वरण यांची व्यवस्था केली आणि घरच्या डब्यासही परवानगी मिळवून दिली.

घरच्या डब्याविषयीही दोन शब्द. डबा आणावयाचा तर तो डॉक्टरांच्या संमतीने, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रमाणात. डबा साडेनऊला येणार असेल तर सुई सातला देण्यात अर्थ नाही. भेटीस येणारे आप्त फळांचे रस, ग्लुकोजची बिस्किटे, शहाळी घेऊन येतात. वृक्क दुर्बल असणाऱ्या रुग्णास शहाळ्यातील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते, हे आपल्याकडे फारसे कोणी जाणत नाही. च्यवनप्राश व अन्य अवलेह यांत शर्करा मुबलक असते. आसवारिष्टांतही गूळ वा साखर असते. 'आयुर्वेदिक आहे, चालेल' म्हणून कोणी ती रुग्णालयात चमच्याने पाजू लागल्यास ते थांबविणे हे आपलेच काम आहे.

वृद्धातील अल्पशर्करा

रक्तशर्करा 70 मि.ग्रॅ. खाली गेली की अल्पशर्करा समजतात. 54 खाली ती गंभीर. तरुणात स्वेद, कंप, हृद्द्रव, क्षुधा ही लक्षणे आधी दिसतात. वृद्धात, विशेषतः जुन्या मधुमेह्यात, ती अल्प असतात वा नसतातच. एकदम भ्रम, मोह, प्रलाप, तंद्रा वा एका अंगाचे दौर्बल्य दिसते. बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असता कंप व हृद्द्रव झाकले जातात. म्हणून मधुमेही वृद्ध अकस्मात वेगळे बोलू-वागू लागला तर 'वय झाले', 'ताप डोक्यात गेला' असे निदान करण्यापूर्वी बोटातील रक्ताचा थेंब तपासावा.

रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शर्करा सावरल्यावर पोळी-दूध वा तत्सम अन्न द्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. त्यास शिरेतूनच ग्लुकोज मिळाले पाहिजे.

आमची खरी चूक

डॉक्टर बाईंच्या प्रश्नाने आम्हांस आणखी मागे जाऊन विचार करावयास लावले. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. हे वाक्य पदवी परीक्षेत आपण सर्वांनी लिहिले आहे.

मामा सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आले तेव्हा वजन 66 किलो, पोट सुटलेले. आम्ही तिक्त-कषाय, रूक्ष, लेखन अशी योजना केली. ती तेव्हा योग्यच होती. रुग्णालयात त्यांचे वजन भरले 49 किलो. या सहा वर्षांत मामा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेले होते, आणि आम्ही मात्र दर महिन्याला तीच बाटली भरून देत होतो, तेच पथ्य सांगत होतो, आणि शर्करेचा आकडा खाली आला म्हणून समाधान मानीत होतो. कृश, दुर्बल, वाताच्या वयातील माणसास अपतर्पण चालू ठेवणारा वैद्य, असे जर दुसऱ्या कोणाविषयी ऐकले असते तर आम्ही त्यास नावे ठेवली असती. आधुनिक वैद्यकही अशा वृद्धात शर्करेचे लक्ष्य सैल ठेवण्यास सांगते. अनेक व्याधींनी जर्जर वृद्धात तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, आठ टक्क्यांच्या आत असली तरी पुरे मानतात, कारण अति कडक नियंत्रणाचा धोका त्याच्या लाभाहून मोठा असतो. येथे दोन्ही शास्त्रांचे एकमत आहे.

औषधपत्रक

त्या दिवसापासून आमच्याकडून औषध नेणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णास आम्ही एक कागद देतो. तो त्याने जुन्या तपासण्यांच्या पिशवीत ठेवावयाचा आणि कोठेही दाखल होताना प्रथम दाखवावयाचा. त्यातील रकाने असे :

1. नाव, वय, वजन व ते घेतल्याची तारीख.
2. आमच्या प्रत्येक औषधाचे नाव, घटकद्रव्ये, प्रत्येक गोळीतील वा मात्रेतील प्रमाण, निर्माता व बॅच क्रमांक. रसौषधी वा भस्म असल्यास तसा स्पष्ट उल्लेख.
3. इतर डॉक्टरांच्या गोळ्या, त्यांच्या मूळ औषधनामासह.
4. शेवटची क्रिएटिनिन तपासणी व तारीख.
5. उपवासाचे वार, वर्ज्य पदार्थ, दात-कवळी.
6. यापूर्वी अल्पशर्करा झाली असल्यास केव्हा व कशाने.
7. ठळक अक्षरात : 'रुग्णालयात दाखल झाल्यास ही आयुर्वेदीय औषधे थांबवावीत. तेथील डॉक्टरांच्या संमतीनेच पुन्हा चालू करावीत.' खाली आमचा दूरध्वनी.

सातवे कलम वाचून काही वैद्यमित्र नाराज झाले. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा होतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्वर, संसर्ग, वृक्काची दुर्बलता आणि दिवसागणिक बदलणारे इन्सुलिन अशा अवस्थेत जुनी योजना तशीच चालू ठेवणे हे आपल्याही शास्त्रास मान्य नाही. अवस्था बदलली की चिकित्सा बदलते. शिवाय शस्त्रक्रिया होणार असेल तर भूलतज्ज्ञास या औषधांची माहिती असणे अत्यावश्यक आहे.

औषधविक्रेते बंधूंस

या साखळीत आपले स्थान फार मोलाचे आहे, कारण रुग्णालयाची चिठ्ठी आणि घरची चिठ्ठी या दोन्ही अखेर आपल्याच टेबलावर येतात.

एकच मूळ औषध दोन व्यापारी नावांनी रुग्णाकडे जाते. घरी एक ग्लिमेपिराइड असते आणि रुग्णालयातून सुटताना दुसऱ्या नावाचे मिळते. वृद्ध दोन्ही घेतो. पट्टी हातात देताना "हीच गोळी घरी दुसऱ्या नावाने आहे का?" एवढे विचारावे.

इन्सुलिनच्या कुप्या बहुधा 40 युनिट प्रति मि.लि. शक्तीच्या, आणि पेनची काडतुसे 100 युनिट शक्तीची असतात. लाल टोपीची सिरिंज 40 साठी व नारिंगी टोपीची 100 साठी. 100 शक्तीचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट जाते. कुपी व सिरिंज एकत्र ताडून पाहिल्यावाचून देऊ नये.

मधुमेहावरील कोणतेही चूर्ण वा गोळी घटकपत्राशिवाय, साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत विकू नये. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी आधुनिक औषधे मिसळल्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. 'एका आठवड्यात शर्करा निम्मी' करणारी निनावी पुडी दिसली तर ती चमत्कार नसून भेसळ असण्याचाच संभव अधिक. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधी व जादूटोणा उपाय अधिनियमान्वये निषिद्ध आहे, हेही स्मरणात असावे.

समारोप

मामा तेरा दिवसांनी घरी आले. ग्लिमेपिराइड कायमचे बंद झाले. सकाळी दीर्घकाल इन्सुलिनची अल्प मात्रा, आणि तेथील डॉक्टर बाईंशी बोलून आखलेला बृंहण आहार : जुन्या तांदळाचा मोजका भात, मुगाचे वरण, तूप, दुपारी ताक, रात्री झोपताना हळद घातलेले अर्धा पेला दूध. आमच्या औषधांपैकी घनवटी आम्ही थांबविली ती पुन्हा दिली नाही. तीन महिन्यांत वजन 52 किलो झाले. पायाची जखम भरली.

औषधपत्रकाचा पहिला मसुदा आम्ही मामांनाच दाखविला. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि दुसऱ्या रकान्याखाली लाल शाईने रेघ मारून म्हणाले, "हे आधी लिहायला हवे होते."

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयातील मधुमेही वृद्धांची यादी काढावी, प्रत्येकाचे वजन पुन्हा एकदा करावे, आणि त्याच्या हाती असा कागद आहे का ते पाहावे, एवढीच या लेखामागील विनंती आहे. रुग्ण कोणाच्याही खाटेवर असो, त्याच्या पिशवीत जोवर आपली पुडी आहे तोवर तो आपलाही रुग्ण आहे.